मडमेचा ढग आणि अब्बांचं फडकं

आमच्या सांगलीच्या फ्रेमच्या दुकानात अब्बांचं एक ओलं फडकं असायचं. देवाचा फोटो असो, नाहीतर लग्नातली जोडी, माप घेण्याआधी अब्बा त्यावरून फडकं फिरवणारच. स्वच्छतेचा भारी सोस! लहानपणी मी मध्ये आले, तर माझं तोंडही त्याच फडक्यानं पुसलं जायचं.

चार वर्षांपूर्वी पलूसचे एक म्हातारे जैन शेतकरी पिशवीतून चित्र घेऊन आले. इंग्रजांच्या काळात कुणा साहेबाची मडम जतच्या दुष्काळी माळावर हिंडून पाण्याच्या रंगांनी चित्रं काढायची. तिची बैलगाडी हाकायला यांचे आजोबा.

"मडम बसायची उन्हात, आन आज्ज्यानं छत्री धरायची कागदावर!" म्हातारे हसले. "थेंब पडला तर चित्र गेलं म्हणायची."

जाताना मडमेनं आजोबांनाच बाभळीखाली बसवून चित्र काढलं आणि त्यांना देऊन टाकलं. तांबड्या पटक्यातला बोटभर माणूस, मागं माळ, वर मोठा काळा ढग.

"आज्ज्याचा फोटो न्हाई आमच्याकडं. ह्यो एवढाच हाय. जपा."

"काळजीच सोडा, अण्णा," अब्बा म्हणाले.

म्हातारे बाजारात गेले. मी चहा सांगायला वळले, तेवढ्यात सवयीनं अब्बांचा हात चालला. "अब्बा!" मी ओरडले. ढग फडक्यावर आला होता. आजोबांनी अख्खा हंगाम छत्री धरून जे टाळलं, ते आमच्या अब्बांनी एका फटक्यात उरकलं. अब्बा मटकन स्टुलावर बसले. मला त्यांची फार कीव आली.

"पुठ्ठ्याची चौकट जरा रुंद कापू," मी म्हटलं. "वरचं झाकून जाईल."

अब्बांनी ती कापली, चित्रावर बसवूनही बघितली. पुसलेलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पण म्हातारे परत आले तशी अब्बांनीच ती उचलून बाजूला ठेवली.

"अण्णा, माझ्या हातनं ढग पुसला."

म्हाताऱ्यांनी चष्मा लावला. आभाळाकडे बघितलंच नाही. बोट थेट बाभळीखाली गेलं आणि तिथंच थांबलं.

"आज्जा हाय न्हवं? मग झालं," ते म्हणाले. "ढगाचं काय घेऊन बसलाय चाचा? जतला कवा टिकलाय त्यो?"

अब्बा हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि सवयच ती, त्यांनी तेच फडकं तोंडावरून फिरवलं. मडमेचा ढग अब्बांच्या गालावर उतरला.