मी न तपासलेले सहा नग

या जगात मी सर्वांत जास्त कोणाचा ऋणी असेन तर तो दगडूआबांचा. नंदुरबारला स्टेशनरोडवर रेडिओ दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं. महिन्यापूर्वी धुळ्याला शाळेत तास घेत असताना शिपायानं नरोत्तमभाईंचं पोस्टकार्ड हातात दिलं. 'आबा गेले. झोपेतच गेले. त्रास झाला नाही.' एवढंच. मुलांना वाचन करायला सांगून मी व्हरांड्यात आलो. रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहिलं... आणि त्याच्या पाठोपाठ, सांगायला नको म्हणून थोडं हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. वडील कोरीटला दुसऱ्याच्या शेतावर सालदार होते आणि मला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, लावायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शाळेत असताना मी आबांच्या दुकानात रेडिओची इंग्रजी पुस्तकं त्यांना वाचून दाखवायचो, तेवढीच ओळख. पण बातमी कळताच ते सायकल दामटत कोरीटला आले. वडील म्हणाले, "दगडूभाऊ, शिकीसन काय करी हाऊ? साहेब व्हई का?" आबा म्हणाले, "साहेब नको होऊ दे. रेडिओना डबावर काय लिखेल शे, ते माले वाची दखाडी. आखो काय जोयजे?" वडील हसले, आणि त्या हसण्यात मी सुरतेच्या कॉलेजात गेलो.

आबा स्वतः चौथी शिकलेले. लष्कराच्या एका वर्कशॉपात सामान उचलता उचलता बघून बघून शिकले. दुकानात कोणतीही वस्तू तपासल्याशिवाय ते डाग देत नसत, म्हणजे झाळत नसत. जुन्या रेडिओतून काढलेला कंडेन्सर बॅटरीवर भरून बाजूला ठेवायचे आणि जेवून आल्यावर त्याची दोन टोकं एकमेकांना लावायचे. ठिणगी पडली तर चांगला, नाहीतर खिडकीबाहेर. दुकानामागच्या त्या खिडकीखाली टाकाऊ मालाचा ढीगच साठला होता. जिजी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "घरमा येवाना आगोदर मालेबी तपाशेल व्हतं ह्यासनी." आबा मान वर न करता म्हणायचे, "तपाशेल व्हतं, म्हनीसन तर टिकनी."

कळसाडीचे नरोत्तमभाई केळी-कापूसवाले. शेतीइतकाच जीव मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारीवर. आबांनीच त्यांना तिच्यासाठी ॲम्प्लिफायर करून दिला होता. एकदा रेडिओवर त्यांनी असं वादन ऐकलं, की सूर झोक्यासारखा जवळ यायचा नि लांब जायचा. ते आबांच्या मागे लागले, मला हेच पाहिजे. वैशाखात पुतणीचं लग्न होतं, सगळं गणगोत जमणार होतं, आणि 'तुणतुणं वाजवणारा शेतकरी' म्हणून हसणाऱ्या भावांना त्यांना ऐकवायचं होतं. मी सुट्टीला आलो होतो, आबांनी पुस्तक माझ्या पुढ्यात टाकलं. मी अर्थ लावत गेलो, ते कागदावर रेघा ओढत गेले. सूर हलवणारी पेटी करायची ठरली, पायानं दाबून चालू-बंद होणारी. तिचं नाव आबांनीच ठेवलं, झोकापेटी. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ती बसवायची होती. बाकी सामान दुकानात निघालं. ट्रान्झिस्टर तेवढे हवे होते. वालाच्या दाण्याएवढी, तीन तारांची ती वस्तू तेव्हा नंदुरबारात मिळत नव्हती. सुरतेच्या जुन्या बाजारात मोडक्या रेडिओतून काढलेले मिळायचे.

सुट्टी संपवून मी निघालो तेव्हा आबांनी स्वतःचा वीज मोजायचा मीटर धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. दुकानातला एकुलता एक मीटर. मी म्हटलं, आबा, तुमचं काम? ते म्हणाले, "मन्हं चाली जाई. पन ध्यानमा ठेव, हाई वस्तू गरमीले भ्यास. पयले मीटरले लाव, काटा दख. मंग बगलमा धर नि शंभर मोज. परत काटा दख. चढना, तर तो लेऊ नको." मी हसलो. ते हसले नाहीत. "पंखाखाल कोनीबी गोड बोलस. मांडोना उन्हमा काय बोलस, ते दखनं पडस."

सुरतेच्या दुकानात डोक्यावर पंखा होता. गल्ल्यावर पांढऱ्या कपड्यातले शेठ, बाकावर दोन गिऱ्हाइकं, आणि माझ्यासोबत कॉलेजचा वर्गमित्र, वकिलाचा मुलगा. शेठनं ताटलीत ट्रान्झिस्टर ओतले. मी पिशवीतला मीटर चाचपला. मग शर्टाचं बटण काढून, हात आत घालून, बगलेत एक एक दाणा धरून सगळ्यांसमोर शंभर मोजायचे... मित्रानं विचारलं, "काय शोधतोस?" मी म्हटलं, "काही नाही." वर वर दिसायला चांगले सहा निवडले आणि बाहेर पडलो. खोलीवर जाऊन तरी तपासायचे होते. परीक्षा तोंडावर होती, आज करू, उद्या करू असं करत एक दिवस पोस्टाची वेळ झाली. सहाच्या सहा डबीत घालून रजिस्टर पार्सल केलं, सोबत पत्र लिहिलं. मीटर माझ्याकडेच राहिला.

झोकापेटी दुकानात सकाळी सुंदर वाजली म्हणे. लग्नाला मी परीक्षा संपवून थेट कळसाडीला पोचलो. दुपारचे तीन, वर पत्र्याचा मांडव. नरोत्तमभाईंनी पहिलं गाणं धरलं, सूर झोक्यावर बसला, आणि त्यांचे थोरले भाऊ खरोखर मान डोलवायला लागले. दुसऱ्या गाण्यात पेटी घरघरली. तिसऱ्यात म्हैस रेकावी तसा आवाज निघाला, आणि मग काहीच नाही. कोणीतरी ओरडलं, "नरोत्तमभाई, म्हैस याई गई का?" सगळा मांडव हसला. नरोत्तमभाई गिटारीवरचा हात न काढता तसेच बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "आबा, असं करायचं नव्हतं."

आबांनी पेटी उघडली. ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं नि झटक्यानं काढलं. माझ्याकडे बघून विचारलं, "रघू, तू तपाशेल व्हतात ना?"

मी म्हटलं, "हो आबा."

त्यांनी क्षणभरही शंका घेतली नाही. उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मन्ही चूक शे. डाग देताना मीच जास्त तपाडात. हात आते पयलासारखा नही ऱ्हायना." मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं.

त्यानंतर आबांनी नवीन काही केलं नाही. रेडिओच्या काट्याचे दोरे, बटणं, बॅटऱ्या, एवढंच. कोणी नवीन मीटर दाखवला तरी म्हणायचे, "वस्तू चांगली, पन हात जोयजे ना." मी पदवीधर झालो तेव्हा स्टेशनवर हार घेऊन आले आणि अनोळखी प्रवाशाला सांगत सुटले, "हाऊ मन्हा वाचनारा." गेल्या दिवाळीत भेटलो, तेव्हा मी बोलायला सुरुवात केलीसुद्धा. "आबा, ते लग्नातलं..." ते म्हणाले, "जाऊ दे रे. तुन्हं काय त्यामा?" आणि मी जाऊ दिलं.

दहाव्याला जिजींनी मला आत बोलावून एक घडी पडलेला कागद दिला. "हाई तुन्हं पत्र. दुकानना पेटीमा ठेयेल व्हतं त्यासनी. कोनी नवं काम करानं म्हनं, का हाई काढेत नि वाचेत. म्हनेत, पोऱ्यानी सम्दं तपाशेल शे, वस्तूमा खोट नही. खोट मन्हा हातमाज शे." त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हाई त्यासले सांगाले जोयजे व्हतं, बाबा." आबांना मी सुरतेहून तेवढं एकच पत्र पाठवलं. ते जसंच्या तसं इथं देतो.

"तीर्थरूप आबांस, शिरसाष्टांग नमस्कार. सोबत ट्रान्झिस्टर नग सहा पाठवीत आहे. पुष्कळ दुकाने फिरून निवडले. आपण सांगितल्याप्रमाणे प्रत्येक नग मीटरला लावला, बगलेत धरून शंभर मोजले व पुन्हा मीटरला लावला. एकाचाही काटा जागचा हलला नाही. दुकानदार हसत होता, परंतु मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मीटर परीक्षेनंतर घेऊन येईन, तो जपून ठेवला आहे. आपल्याकडे मीटर नाही म्हणून अडून राहू नये. आपण निर्धास्तपणे डाग द्यावा. जिजींना नमस्कार. आपला आज्ञाधारक, रघुनाथ."