हिरव्या झाकणाचा डबा

मेहुण्यांनी अमेरिकेहून येताना मोटारीत लावायचं, रस्ता दाखवणारं यंत्र आणलं आणि परत जाताना ते मलाच देऊन गेले. ही दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. वर्ध्यात तेव्हा असं यंत्र फारसं कुणाकडे नव्हतं, त्यामुळे कापडाच्या दुकानात मी ते गिऱ्हाइकांनाही काढून दाखवायचो. खरं म्हणजे पिपरी मेघेच्या घरून दुकानात जायला मला कशाचीच गरज नव्हती. त्याच्या नकाशात नागपूरचा रस्ता होता, आणखी दोन-चार रेघा होत्या, बाकी सगळा जिल्हा कोरा.

या यंत्रावर खेळायच्या एका खेळाबद्दलही मेहुण्यांनीच सांगितलं होतं. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो, आणि बाकीच्यांनी यंत्राच्या मदतीनं तो शोधायचा. आत एक वही असते. तिच्यात नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा आणि निघून यायचं. आपल्याकडे कोण असलं काही करणार, असं मला वाटलं होतं. पण शोधलं तर केळझरच्या अलीकडे एक निघाला. नागपूरला नोकरी करणाऱ्या कुण्या गृहस्थानं ठेवलेला. 'झाडाखालच्या दगडांत, हिरव्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा' एवढीच खूण.

संगणकावर अंश होते, मिनिटं होती, मग दशांश चिन्ह आणि पुढे तीन आकडे. माझं यंत्र मात्र अंश, मिनिटं आणि सेकंद मागत होतं. मी दशांशापुढचे पहिले दोन आकडे सेकंदांच्या जागी टाकले आणि तिसरा सोडून दिला. यंत्रानं ते मुकाट्यानं घेतलं. मला वाटलं, जमलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी बायकोला घेऊन निघालो. ती केळझरच्या गणपतीचं दर्शन होईल म्हणून आली होती. डांबरी सडक संपली तिथं गाडी उभी केली, काचेवरचं यंत्र काढून हातात घेतलं आणि शेतांच्या बांधांवरून, धुऱ्याधुऱ्यानं चालायला लागलो. यंत्राला वाटत होतं मी अजून गाडीतच आहे. त्यातला बाण सारखा उडी मारून सडकेवर जायचा आणि आतली बाई इंग्रजीत मागे वळा, मागे वळा म्हणायची. शेवटी तो बाण जिथं थांबला तिथं कापसाच्या पऱ्हाटीचं शेत होतं, एक बाभूळ होती आणि बैलांचा कोठा होता.

बाभळीखालचे सगळे दगड मी उलटून पाहिले. काही नव्हतं. घामाघूम होऊन वर पाहिलं, तर कोठ्याच्या आढ्याला हिरव्या झाकणाचा डबा टांगलेला.

कापूस वेचत असलेलं म्हातारं जोडपं तोवर जवळ आलं होतं. "काय शोधून राह्यले भाऊ?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"हा डबा कुठं सापडला तुम्हाला?"

"सापडला?" म्हातारी म्हणाली. "माहा आहे तो. पोरीनं देल्ला."

"हा त्या झाडाखाली ठेवलेला होता. इंटरनेटवर लिहिलंय तसं." मी हातातलं यंत्र तिच्यापुढे धरलं, जणू ती पावती होती. "जागाही हीच दाखवतंय."

म्हातारीला त्यातलं काय कळणार? ती डबा काढायला गेली, पण तिच्याआधी मी हात घातला. झाकण घट्ट होतं, मी जोर लावला, आणि आतलं सगळं जमिनीवर सांडलं. चिंध्यांत बांधलेल्या पुरचुंड्या होत्या. दोन सुटल्या. दोडक्याचं बी, वालाचं बी काळ्या मातीत पसरलं.

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. मी विचारलं, "आतली वही कुठं टाकली?"

म्हातारा शांतपणे म्हणाला, "पाहून घ्या ना भाऊ. आमच्यापाशी झाकून ठेवासारखं काईच नाई."

आणि मी पाहिलं. कोठ्यात शिरून पोती हलवली, गव्हाणीत वाकून बघितलं. बाहेर आलो तेव्हा माझी बायको उकिडवी बसून म्हातारीबरोबर एकेक बी वेचत होती. "अहो, चला आता," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. म्हाताऱ्यानं मला पाण्याचा तांब्या दिला. तो मी घेतला.

देवळात आम्ही गेलो नाही. घरी येऊन मी त्या संकेतस्थळावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं की डबा एका शेतकऱ्यानं पळवला आहे, इथली माणसं असलं काही टिकू देत नाहीत. कुठकुठल्या अनोळखी लोकांनी हळहळ व्यक्त केली. मला बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं.

पंधरा-वीस दिवसांनी डबा ठेवणाऱ्या गृहस्थाचं पत्र संगणकावर आलं. तो स्वतः जाऊन आला होता. डबा जागच्या जागी होता. आकडे टाकताना दशांशाचे सेकंद तर केले नाहीत ना, नवीन माणसाची अशी चूक होते, असं त्यानं फार सौम्यपणे विचारलं होतं. दशांश चिन्हापुढे पन्नास म्हणजे अर्धं मिनिट, म्हणजे तीस सेकंद. मी पन्नास टाकले होते. त्या शेतापासून डबा सहाशे मीटर लांब, नाल्याकाठच्या पळसाखाली होता.

मी लिहिलेलं पुसून टाकलं. बायकोला सांगितलं, आपण जाऊन माफी मागू. ती म्हणाली, "मी नाही येत. तुमचं तुम्ही बोला."

पुढच्या रविवारी एकटाच गेलो, नवीन डब्यांचा एक संच घेऊन. म्हातारा कोठ्यापाशीच होता. "या, बसा. भेटला का तुमचा डबा?"

"भेटला. माझीच चूक झाली होती, काका."

"चला, बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

म्हातारीनं संच हातात घेतला नाही. "डबा आहे माह्यापाशी," ती म्हणाली. मग धुऱ्यापलीकडे हात करून, "त्या दिवशी बाजूच्या वावरातल्या बायका पाहून राह्यल्या होत्या. तवापासून पुसतात, काय चोरलं व तुमी म्हून. त्याईले एवढं सांगसान का?"

"सांगतो," मी म्हणालो.

धुरा ओलांडला. सात-आठ बायका कापूस वेचत होत्या. मला पाहून त्या थांबल्या, एकीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. काय सांगायचं ते मनात जुळवलं होतं, चार वाक्यंच होती. त्या वाट बघत होत्या. मी त्यांच्याकडे मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी, आणि वळून गाडीकडे चालू लागलो. कोठ्यातून ते वावर पूर्ण दिसत होतं. मागून कुणी हाक मारली नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "बोललात?"

"बोललो," मी सांगितलं, आणि डब्यांचा संच फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिला.