छातीपर्यंतच्या रिंगा

इंजिनिअर असून मी शिडीला घाबरतो, नुसती मान वर केली तरी मला गरगरतं, हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. सांगितलं होतं एकालाच: धुळ्याहून माझ्याबरोबर सिल्वासाला आलेल्या आणि पुढे ठेकेदार झालेल्या मित्राला. सिल्वासाजवळच खेरडीत घर बांधायला काढलं तेव्हा काम अर्थात त्यालाच दिलं.

कॉलमच्या उभ्या सळ्यांना आडव्या रिंगा बांधतात. वरून भार आला की सळ्या बाहेर वाकायला बघतात, त्यांना या रिंगाच धरून ठेवतात. काँक्रीट ओतण्याआधी मी प्रत्येक कॉलमच्या रिंगा मोठ्या रुबाबात तपासल्या. छातीपर्यंत.

वरचा मजला चढला आणि एका कॉलमचं काँक्रीट फुगून गळून पडलं. स्लॅबला टेकू लावले आणि मी देवाचं नाव घेत शिडी चढलो. फुटलेल्या जागी हातभर लांबीत एकही रिंग नव्हती आणि सळ्या धनुष्यासारख्या बाहेर आल्या होत्या.

“अरे, इथल्या रिंगा कुठं गेल्या?” मी ओरडलो.

“भो, तू वर बघतच नव्हतास ना!” मित्र खालून हसत म्हणाला.

शिडी खाली त्यानंच धरली होती. माझी उतरायची हिंमत होईना.