युफेमिझम शिकले त्या आठवड्यात

बी.ए.ला ऐच्छिक इंग्रजी घेतलं तेव्हा मी संतपूरच्या मराठी शाळेतून आले होते आणि बीदरच्या वसतिगृहातली माझी जोडीदारीण निंबर्ग्याच्या कन्नड शाळेतून. इंग्रजीच्या बाई मेटाफर, आयरनी, पर्सॉनिफिकेशन असे शब्द भराभर फळ्यावर लिहायच्या. खोलीवर आल्यावर आम्ही दोघी ते आपापल्या भाषेत उलगडत बसायचो. उपमा आणि रूपक हे शब्द दोन्हीकडे सारखेच निघाले, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! आयरनी मात्र काही केल्या हाती लागेना.

मग एका सोमवारी बाईंनी युफेमिझम शिकवला. कडू गोष्ट सौम्य शब्दांत सांगणं. हा शब्द मला ऐकताक्षणी ओळखीचा वाटला. आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, शांत करतात. जोडीदारीण म्हणाली, कन्नडमध्येही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'जाऊन येते' म्हणतात. मग मेसमध्ये, बसस्टँडवर आमचे कान तेच शोधू लागले. माणसं किती सांभाळून बोलतात, हे मला पहिल्यांदाच ऐकू येत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी दादाचा फोन आला.

"आत्याला जरा बरं न्हाई. जमलं तर येऊन जा."

मी लहान असताना आई वारली, तेव्हा मी मामाकडे होते. मला घरी आणताना हेच वाक्य सांगितलं होतं, "आईला जरा बरं न्हाई." त्यानंतर मला आत्यानंच वाढवलं.

"दादा, खरं काय ते सांग."

"अगं, ये तर तू," एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला.

औरादच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. 'ये तर तू' याचा अर्थ मला पक्का कळला होता. संतपूरला उतरले ती जवळजवळ पळतच घरी गेले. दारात गर्दी नव्हती. अंगणात बाजेवर बसून आत्या तुरीच्या शेंगा सोलत होती. डोक्याला फडकं बांधलेलं, एवढंच.

"रडायलीस कामून?" तिनं विचारलं.

मी तिच्या गळ्यातच पडले. हुंदके आवरेनात. दादा ओशाळून म्हणाला, "बीपी वाढलंय तिचं. गोळ्या चालू हायत. तुला बघावं म्हणायली व्हती, म्हणून फोन केला."

तो आत गेल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं. बाईंनी शिकवलेला शब्दही सांगितला. आधी ती हसली. मग हातातली शेंग तशीच धरून बसली.

"तवा तुला आणायला माणूस धाडला, त्याला ते वाक्य मीच शिकवलं व्हतं," ती म्हणाली. "बारीक व्हतीस. कसं सांगायचं?"

"मग खरं कधी सांगितलंस?"

"न्हाईच सांगितलं. तू विचारायची थांबलीस, मीबी गप बसले."

खरंच होतं ते. आई नाही, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ते हळूहळू माझं मलाच कळत गेलं होतं.

"आता सांग," मी म्हणाले.

आत्यानं सांगितलं. चार दिवस ताप उतरत नव्हता. औरादच्या डॉक्टरानं बीदरला न्या म्हटलं. जीप केली, पण बीदर यायच्या आधीच आई मेली. 'मेली' असंच म्हणाली आत्या. इतक्या वर्षांत आमच्या घरात आईसाठी तो शब्द मी ऐकला नव्हता. वाटलं होतं तितका तो टोचला नाही.

"माझं नाव घेतलं का तिनं?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई गं. शुद्धच नव्हती तिला."

हो म्हणाली असती तरी ते खोटं आहे हे मला कधी कळलं नसतं. मी बाजेवर तिच्या अगदी जवळ सरकले. तिनं सूप दोघींच्या मधे घेतलं, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही शेंगा सोलत बसलो.