कर्णिकांचं एक मत

सिंगापुरात हौगांगला राहणाऱ्या विश्वास कर्णिकांना कॅनडाच्या राजकारणाचं भारी वेड. टोरांटोत बारा वर्षं काढून त्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलं, तेव्हाच भारतातलं मत गेलं. पुढे बँकेने सिंगापूरला धाडलं. इथे ते परकेच. २०१५च्या सप्टेंबरात अख्खी इमारत मतदान करून आली आणि कर्णिक दार लावून बसले. ऑक्टोबरात कॅनडाची निवडणूक. एकेका मतदारसंघाचं गणित त्यांना तोंडपाठ होतं, पण पाच वर्षांहून जास्त देशाबाहेर राहिलेल्यांना मत द्यायचा हक्कच नव्हता.

“तीन देश झाले, पण मला कुणी विचारत नाही,” ते बायकोवर, अनघावर, करवादले.

तेवढ्यात मराठी मंडळाची निवडणूक लागली. एरवी सगळं बिनविरोध उरकायचं, यंदा मात्र दोन पॅनेलं उभी राहिली. कर्णिक ठेवणीतला झब्बा घालून सभेला गेले. अध्यक्ष म्हणाले, “निवडणुकीतलं कर्णिकांइतकं कुणाला कळतं? तेच आपले निवडणूक अधिकारी.” टाळ्या पडल्या, नाही म्हणायची सोयच उरली नाही.

निवडणूक अधिकाऱ्याने मत द्यायचं नाही, हा मंडळाचा नियम. दोन वर्षांपूर्वी कॅनडाचा दाखला देऊन, सगळ्यांशी भांडून, तो कर्णिकांनीच करून घेतला होता.