सागाची कोवळी पानं

ऑफिसातल्या पंधरा ऑगस्टची कामं माझ्याकडे आहेत: पताका, खुर्च्या, सजावट. आज सागाची कोवळी पानं आली. एक चोळून पाहिलं, तर बोटं लाल झाली आणि त्या उग्र वासाने मला आश्रमशाळेत नेलं.

मी सातवीत होते. पंधरा ऑगस्टचं भाषण पाठ होतं. सर मात्र माझ्या कमरेला सागाची पानं बांधत होते.

“सर, मले नाच नाही येत. भाषण कराचं हाय.”

“कोलामाची पोरगी अन् नाच येत नाही? पोटातूनच शिकून येता तुम्ही!”

तेवढ्यात नवं लुगडं नेसून गावाहून आई आली. तिने आमच्या कोलामी भाषेत विचारलं, “ही पानं कशाला गं? आपल्यात कोण बांधतं?”

मी दोरी सोडली.

“मग बस मागं,” सर म्हणाले.

माझं भाषण मी फाटकाबाहेर आईला म्हणून दाखवलं. तिला मराठी अर्धंच कळायचं, तरी ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

तेव्हा वाटलं, ही गोष्ट त्या सरांपुरतीच आहे.

“म्याडम, तुमचा नाच तर पक्का ना?” पानं आणणाऱ्या सहकाऱ्याने आज विचारलं.

“नाच येत नाही मला. भाषण करीन.”

तो हसला, गंमत समजून. आई जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत कोण ऐकेल, हा विचार करत मी बोटं धुतली.