मुठीची ज्वारी

एस्तेरबाई लोंढे सांगलीच्या पेठेत हळद निवडायचं काम करतात आणि मी, इलियास, त्याच पेठेत टेम्पो चालवतो. बाईंनी आयुष्यभर हळद निवडली, पण चर्चच्या मुठीचं धान्य मात्र कधी निवडलं नाही. त्यांच्या मंडळीत रीत आहे: स्वयंपाकाला बसताना घरातल्या बाईनं मूठभर धान्य देवासाठी बाजूला काढायचं. दुष्काळ पडला तशा बाई घरोघरच्या त्या मुठी पोत्यात गोळा करून आटपाडीकडच्या वाड्यांवर वाटायला लागल्या. जरा चाळून घ्या म्हटलं की चिडायच्या. "देवाला दिलेलं आहे ते. कुणी काय दिलं हे बघत बसायचं नसतं."

मी मुळातच भित्रा. मुसलमान ड्रायव्हर, ख्रिस्ती बाई आणि टेम्पोभर फुकटचं धान्य, हे सगळं एकत्र दिसलं की काही पोरांचं डोकं फिरतं. त्यातल्या एका वाडीतला विश्वजीत तसलाच. मागच्या खेपेला त्यानं टेम्पो अडवून सांगितलं होतं, "धान्यात कायतरी मिसळतासा, आमाला ठावं हाय. परत दिसलासा तर टेम्पो जाग्यावर पेटवीन." माझी झोप उडाली. बाई म्हणाल्या, मलाही भीती वाटते. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा टेम्पोत येऊन बसल्या.

त्या दिवशी विश्वजीत कुठं दिसला नाही. सकाळीच त्या वाडीतलं वाटप उरकलं आणि सुटलो एकदाचे म्हणत मी गाडी दामटली. वाटेत चहाला थांबलो. बाई रिकामी पोती झटकत होत्या, त्या मध्येच थांबल्या. त्यांच्या तळहातावर ज्वारीचे गुलाबी दाणे होते.

ते पेरणीचं बियाणं होतं. कीड लागू नये म्हणून त्याला विषारी औषध चोळलेलं असतं. मंडळीतल्या कुण्या म्हातारीनं चुकीच्या डब्यात हात घातला असणार आणि हा आठवडाभर देवाच्या नावानं तीच मूठ टाकत राहिली असणार. मळकट ज्वारीत ते दाणे कुणाच्या ध्यानातही आले नसते.

"फोन करू," मी म्हटलं. "ज्वारी टाकून द्या म्हणून सांगू आणि घरी जाऊ."

"भुकेलं माणूस धान्य टाकत नाही, इलियास. धुऊन खातं." बाई टेम्पोत चढूनही बसल्या. "पोरांच्या पोटात जायच्या आधी परत घ्यायला पाहिजे. गाडी वळव."

वळवली. मनातल्या मनात बाईंना, त्यांच्या मंडळीला आणि स्वतःला शिव्या देत वळवली. वाडीत शिरल्यावर बाई कुठं गेल्या? थेट विश्वजीतच्या दारात. मला वाटलं, यांना भीतीनं वेड लागलं.

तो गोठ्यापाशी उभा होता. बाईंनी हात जोडले. "मी वाटलेल्या ज्वारीत विष आलंय. चुकून आलंय. तुझ्याकडं मोटारसायकल आहे, पोरं आहेत. घरोघर जाऊन गोळा कर. मग माझं काय करायचं ते कर."

खिशातून मोबाईल काढून त्यानं बाईंच्या तोंडासमोर धरला. "परत बोला."

बाई परत बोलल्या, स्वतःच्या नावागावासकट. मी टेम्पोत बसून कलमा म्हणत होतो. मोबाईल खिशात घालून विश्वजीतनं पोरांना हाका मारल्या आणि मोटारसायकली सुटल्या.

पिशव्या यायला लागल्या. बहुतेक घरांत दळण व्हायचं होतं, पण बायका पिशवी सोडायला तयार नव्हत्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, दिलेलं परत नेणारी बाई आजच बघितली. एस्तेरबाई रडत होत्या आणि रडत रडत पिशवी ओढून घेत होत्या.

शेवटी वाडीच्या टोकाचं शालूबाईचं घर राहिलं. लेक-सून ऊसतोडीला गेलेली, घरात म्हातारी आणि तिची नात साक्षी. दारातच भाकरीचा वास आला. बाईंनी उंबऱ्यावरूनच विचारलं.

"आजी, पोरीनं खाल्ली?"

"न्हाई," शालूबाई म्हणाली. "सकाळधरनं रडतीया, पर दिली न्हाई. ही पोरं म्हणत्यात, तुमच्या धान्यात कायतरी आसतंय. म्हणून जात्यावर जराशी दळली अन् आदी म्या खाल्ली. मला काय झालं न्हाई, तर सांच्याला तिला देणार हुतो."

विश्वजीत माझ्या शेजारीच उभा होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. म्हातारीला त्यानंच उचलून टेम्पोत आणलं आणि साक्षीला मांडीवर घेऊन बसला. आटपाडीच्या दवाखान्यापर्यंत म्हातारीला उलट्या होत राहिल्या. मागं बाई त्यांची प्रार्थना करत होत्या, पुढं मी माझी करत होतो, आणि इतका घाबरलेला मी आयुष्यात कधी नव्हतो.

वाचेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. बाई खाटेपाशी गेल्या. शालूबाईनंच त्यांचा हात घट्ट धरला. ती भ्यालेली दिसत होती. मरणाला भ्याली असेल, असं मला वाटलं.

"आवं बाई," ती म्हणाली, "आता तुमी यायच्या बंद तर न्हाई न्हवं हुणार?"